एक क्रियापद, अनेक आदेश : इंग्रजी 'पुट' आणि कार्यालयीन मराठी

साकवाचा प्रश्न कोकणातील गावांना नवा नाही. पावसाळ्यात पऱ्या दुथडी भरून वाहू लागला की पलीकडच्या वाडीतील मुलांची शाळा बुडते, आजाऱ्याला डोलीतून न्यावे लागते आणि बाजारहाट अडून राहतो. समजा, अशाच एका साकवाचा प्रस्ताव रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविला आणि समासात इंग्रजी शेरा घेऊन तो परत आला : 'मे बी पुट अप आफ्टर मॉन्सून.' गावातील एका जाणत्या गृहस्थाने कोश उघडला. 'पुट अप' म्हणजे 'उभारणे' असा अर्थ त्यात स्पष्ट दिलेला होता. पावसाळा सरताच साकव उभा राहणार, असे ग्रामसभेत जाहीर झाले. शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र एवढेच म्हणावयाचे होते की, हे प्रकरण पावसाळ्यानंतर पुन्हा सादर करावे.

हे उदाहरण कल्पित आहे. परंतु त्यातील घोटाळा कल्पित नाही. येथे कोश चुकला नाही, गृहस्थांचे वाचन चुकले नाही आणि अधिकाऱ्याचे इंग्रजीही कार्यालयीन प्रघाताला धरूनच होते. दोष आहे तो एका समजुतीचा. इंग्रजीतील लहान क्रियापदे सोपी असतात, ही ती समजूत होय. वस्तुतः ती भाषेतील सर्वांत कठीण क्रियापदे असतात. 'पुट' हे त्यांपैकी एक. त्याचा अभ्यास अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांनाही सारखाच उपयोगी आहे.

इंग्रजीशी संबंध का उरतो?

मराठीला शासनव्यवहाराची भाषा करण्याच्या दृष्टीने राज्य स्थापन झाल्यानंतर १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन करण्यात आले. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अस्तित्वात आला. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश यांसारखी साधने हाताशी आली आणि 'सादर', 'मान्य', 'तहकूब', 'अंमलबजावणी' हे शब्द कार्यालयांत रुळले. तथापि केंद्र शासनाची कार्यालये, उच्च न्यायालय, बँका, विमा कंपन्या आणि यंत्रसामग्रीचे पुरवठादार यांच्याकडून येणारा बराचसा मजकूर अद्याप इंग्रजीत असतो. जुन्या नस्त्यांतील टिप्पण्याही इंग्रजीतच आहेत. शिवाय २००० सालापासून राज्यातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागल्याने हा विषय गावोगावच्या वर्गात पोहोचला आहे. म्हणून इंग्रजी नीट समजून घेणे हे मराठी नीट लिहिण्याचेच एक अंग ठरते.

मूळ अर्थ आणि त्याची वाढ

'पुट' या धातूचा मूळ अर्थ 'ठेवणे' किंवा 'घालणे' एवढाच आहे. त्याची रूपेही बदलत नाहीत. वर्तमानकाळी 'पुट', भूतकाळी 'पुट' आणि भूतकालवाचक धातुसाधितातही 'पुट'. विद्यार्थ्याला इतके सोयीचे क्रियापद दुसरे क्वचितच मिळेल. अडचण पुढे सुरू होते. या धातूच्या मागून 'अप', 'डाउन', 'ऑन', 'ऑफ', 'इन', 'आउट' यांपैकी एखादे छोटे अव्यय येते आणि धातूचा अर्थ पार दूर घेऊन जाते.

हा प्रकार भारतीय वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातील 'धा' या धातूचा अर्थही 'ठेवणे' असाच आहे. त्याला उपसर्ग लागून झालेले शब्द मराठी माणूस रोज वापरतो. 'परि' लागला की अंगावर घालणे या अर्थी 'परिधान' होते. 'नि' लागला की जपून ठेवलेला ठेवा म्हणजे 'निधान' होते. 'सम्' लागला की जोडणे या अर्थी 'संधान', 'अव' लागला की मन एके ठिकाणी ठेवणे या अर्थी 'अवधान', आणि दोन गोष्टींच्या मध्ये काही आले की 'व्यवधान' होते. आता इंग्रजीकडे पाहावे. 'पुट ऑन' म्हणजे परिधान करणे, 'पुट बाय' म्हणजे शिल्लक टाकणे, 'पुट टुगेदर' म्हणजे जोडणे. कल्पना एकच आहे. संस्कृतात अर्थ वळविणारा शब्द धातूच्या आधी येऊन त्याला चिकटतो, इंग्रजीत तो धातूच्या नंतर सुटा उभा राहतो, एवढाच भेद. तो सुटा असल्यामुळेच घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

रत्नागिरीच्या इतिहासातून एक पाठ

एकाच 'पुट अप' या जोडीला किती अर्थ असू शकतात, हे रत्नागिरीच्या परिचित इतिहासावरून सहज शिकविता येते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. प्रारंभी त्याची व्यवस्था बंगल्यात करण्यात आली. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधण्यात आला आणि १९१६ साली येथेच त्याचे निधन झाले. या हकिगतीवर पुढील तीन वाक्ये रचता येतील.

'द किंग वॉज पुट अप इन अ बंगलो.' येथे 'पुट अप' म्हणजे राहण्याची सोय करणे.

'अ पॅलेस वॉज पुट अप इन नाइन्टीन टेन.' येथे तोच शब्दप्रयोग 'उभारणे' या अर्थी आला आहे.

'द किंग पुट अप विथ एक्झाइल फॉर थर्टी इयर्स.' येथे 'विथ' हे आणखी एक अव्यय जोडले गेले आणि अर्थ झाला : राजाने तीस वर्षे हद्दपारी सोसली.

चौथा अर्थ शहरातील पतितपावन मंदिरापाशी मिळतो. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी खर्च केला आणि १९३१ साली हे मंदिर सर्वांसाठी खुले झाले. 'कीर पुट अप द मनी' म्हणजे कीरांनी पैसा पुरविला. पाचवा अर्थ कार्यालयातला, म्हणजे नस्ती वरिष्ठांपुढे सादर करणे. हा अर्थ भारतीय कार्यालयांत विशेष रूढ झाला आहे. 'पुट अप द फाइल' ही सूचना परदेशातील सामान्य इंग्रजी वाचकाला बुचकळ्यात टाकील. साकवाच्या शेऱ्यातील घोटाळा नेमका येथेच आहे. गावाने दुसरा अर्थ घेतला, कार्यालयाच्या मनात पाचवा होता आणि शेऱ्यात कर्त्याचा उल्लेखच नव्हता. 'साकव' की 'प्रस्ताव', हा एक शब्द लिहिला असता तर संशयाला जागा राहिली नसती.

'पुट डाउन'साठीही रत्नागिरीपासून दूर जावे लागत नाही. येथे १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ साली शिक्षा होऊन, ज्या मंडालेतून थिबाला आणले होते त्याच मंडालेच्या तुरुंगात पाठविण्यात आले. त्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. लिहून काढणे म्हणजे 'पुट डाउन'. सरकारला जी चळवळ मोडून काढावयाची होती त्या मोडून काढण्यालाही 'पुट डाउन' हाच शब्द आहे. अनामत रक्कम भरणे, एखाद्याला कमी लेखणे आणि असाध्य दुखण्याने पिडलेल्या जनावराला वेदनामुक्तीसाठी मरण देणे, हेही 'पुट डाउन'चेच अर्थ होत. जनावरांच्या विमा कागदपत्रात हा शब्द आला आणि त्याचे 'खाली ठेवणे' असे भाषांतर झाले, तर पशुपालकाच्या दाव्याचे काय होईल याची कल्पना करता येते.

क्रियाविशेषण की शब्दयोगी?

'पुट'च्या मागून येणारे छोटे अव्यय दोन प्रकारचे असते. कधी ते क्रियाविशेषणाचे काम करते, म्हणजे क्रियापदाशी एकजीव होऊन नवा अर्थ निर्माण करते. कधी ते शब्दयोगी अव्ययाचे काम करते, म्हणजे पुढील नामाशी संबंध जोडते. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते. 'टेबलावर' या शब्दात 'वर' शेवटी आहे. इंग्रजीत ते नामाच्या आधी येते. त्यामुळे दोन्ही प्रकारांत ते क्रियापदाजवळ दिसते आणि विद्यार्थी गोंधळतो.

ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. नामाऐवजी सर्वनाम घालून पाहावे. 'पुट ऑफ द मीटिंग' म्हणजे सभा पुढे ढकला. येथे 'मीटिंग'ऐवजी 'इट' घातले, तर 'पुट इट ऑफ' असेच म्हणावे लागते. 'पुट ऑफ इट' हे चूक ठरते. सर्वनाम मध्ये शिरले, म्हणजे 'ऑफ' हे क्रियाविशेषण आहे. नाम असल्यास मात्र 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही रूपे चालतात. याउलट 'पुट अप विथ द नॉइज' म्हणजे गोंगाट सोसा. येथे सर्वनाम घातले तर 'पुट अप विथ इट' असे होते. सर्वनाम शेवटी राहिले, म्हणजे 'विथ' हे शब्दयोगी अव्यय आहे. उच्चारातही खूण सापडते. क्रियाविशेषण असलेल्या अव्ययावर बहुधा आघात पडतो, शब्दयोगीवर सहसा पडत नाही.

बंदरावरील 'पुट'

मिरकरवाडा बंदरावर मासेमारी नौकांची जी ये-जा चालते, तिच्यासाठी इंग्रजी दर्यावर्दी भाषेत 'पुट'च वापरले जाते. नौका समुद्रात जाण्यास निघाली म्हणजे 'पुट आउट टु सी', बंदरात आली म्हणजे 'पुट इन' आणि हवा बिघडल्याने अर्ध्यातून परतली म्हणजे 'पुट बॅक'. परंतु दिवा विझविणे म्हणजेही 'पुट आउट', आग विझविणे म्हणजेही तेच, आणि सूचना प्रसिद्ध करणे यालाही 'पुट आउट अ नोटिस' म्हणतात. दिवा 'पुट आउट' केला की तो दिसेनासा होतो. सूचना 'पुट आउट' केली की ती सर्वांना दिसू लागते. एकाच शब्दप्रयोगाचे दोन अर्थ असे परस्परविरोधी असू शकतात. निर्णय करावयाचा तो पुढील नामावरून. दिवा, नौका की सूचना, हे आधी पाहावे आणि मगच अर्थ लावावा.

सभेची तारीख : एक विशेष धोका

पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावी अशी एक जोडी आहे : 'पुट फॉरवर्ड' आणि 'पुट बॅक'. 'फॉरवर्ड'चा शब्दशः अर्थ 'पुढे' आणि 'बॅक'चा 'मागे'. 'द मीटिंग हॅज बीन पुट फॉरवर्ड' असे इंग्रजी पत्र आले, तर 'सभा पुढे ढकलली' असे भाषांतर सहज होऊन जाते. खरा अर्थ अगदी उलट आहे. ठरलेल्या दिवसापेक्षा सभा आधी घेण्यात येणार आहे, असे ते पत्र सांगते. 'पुट बॅक' म्हणजे मात्र सभा लांबणीवर टाकली. मराठीत 'पुढे' म्हणजे नंतर, तर इंग्रजीत या ठिकाणी 'पुढे' म्हणजे अलीकडे. केवळ या एका शब्दामुळे सदस्य सभा होऊन गेल्यानंतर दारी उभा राहील आणि त्याच्या वाडीचा विषय त्याच्या गैरहजेरीत निकालात निघेल. यावर उपाय एकच. पत्रात 'पुढे' वा 'मागे' न लिहिता नवी तारीख, वार आणि वेळ लिहावी. 'पुट फॉरवर्ड'चा दुसरा अर्थ 'सूचना मांडणे' असा आहे, हेही विसरू नये.

कार्यालयातील नेहमीचे प्रयोग

नस्त्यांतून वारंवार भेटणारे काही प्रयोग पुढीलप्रमाणे आहेत.

'पुट अप' : सादर करणे.
'पुट ऑफ' : लांबणीवर टाकणे, पुढे ढकलणे.
'पुट इन' : अर्ज दाखल करणे, सेवेच्या संदर्भात, सेवा बजावणे. 'ही हॅज पुट इन ट्वेन्टी इयर्स' म्हणजे त्याची वीस वर्षे सेवा झाली.
'पुट इन फॉर' : रजा, बदली इत्यादींची मागणी करणे.
'पुट टु व्होट' : ठराव मतास टाकणे.
'पुट थ्रू' : दूरध्वनी जोडून देणे, योजना तडीस नेणे.
'पुट अक्रॉस' : म्हणणे पटवून देणे.
'पुट असाइड' : बाजूला ठेवणे, रक्कम राखून ठेवणे.
'पुट इन्टु इफेक्ट' : अंमलात आणणे.

यांत एक खबरदारी आवश्यक आहे. 'पुट अप टु द कलेक्टर' म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांपुढे सादर केले. परंतु 'पुट समवन अप टु इट' म्हणजे कोणाला तरी चिथावणी देऊन ते कृत्य करविले. चौकशी अहवालात असे वाक्य आले आणि भाषांतरकाराने 'त्यांच्याकडे सादर केले' असे लिहिले, तर चिथावणीचा आरोपच कागदावरून नाहीसा होईल. उलट चूक झाली, तर निरपराध माणसावर चिथावणीचा ठपका येईल.

मराठीचा स्वतःचा मार्ग

मराठी या अर्थांची वाटणी निराळ्या रीतीने करते. 'घालणे' हे क्रियापद घ्यावे. आंब्याची आढी घालतात, पोलीस गस्त घालतात, शासन बंदी घालते, खर्चाला आळा घालतात, लेकराचा अपराध आई पोटात घालते आणि दोन योजनांची सांगड घालतात. क्रियापद तेच, अर्थ वळविला तो आधी येणाऱ्या नामाने. दुसरा मार्ग जोडक्रियापदांचा. 'ठेवून घेणे' आणि 'ठेवून देणे', 'लिहून घेणे' आणि 'लिहून देणे' यांतील फरक दुसऱ्या क्रियापदाने घडतो. 'लिहून घेतले' आणि 'लिहून दिले' यांत जबाबदारी कोणाची हे ठरते, हे कोणत्याही दस्तऐवजात दिसेल.

मराठीच्या या घडणीचा विचार फार पूर्वीपासून झाला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. दामले हे कवी केशवसुतांचे बंधू आणि केशवसुत रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे. मालगुंडला १९९४ साली केशवसुतांचे स्मारक उभे राहिले. त्या स्मारकास शाळांच्या सहली जातात, तेव्हा शिक्षकांनी कवीबरोबर त्याच्या वैयाकरण बंधूचाही परिचय करून द्यावा.

या तुलनेवरून भाषांतराचे सूत्र हाती येते. इंग्रजी जोडीतील अव्ययाचे भाषांतर सुटे करू नये. 'अप'साठी 'वर', 'डाउन'साठी 'खाली', 'ऑफ'साठी 'दूर' असे शब्द ठेवू लागलो की मराठी वाक्य मोडते. संपूर्ण जोडीचा अर्थ समजून घ्यावा आणि त्यासाठी मराठीत रूढ असलेले एकच क्रियापद योजावे. 'पुट अप'साठी 'सादर करावे' हा शब्दप्रयोग नेमका असताना 'पुटअप करावे' असे लिहिण्याची सवय सोडावी. ती ना इंग्रजी शिकविते, ना मराठी.

वर्गात काय करावे?

शिक्षकांनी या जोड्यांच्या याद्या पाठ करून घेण्यावर भर देऊ नये. यादी परीक्षेपुरती टिकते. त्याऐवजी परिसरातील एक प्रसंग घ्यावा, त्यावर एकाच जोडीची तीन-चार वाक्ये रचावी आणि प्रत्येक वाक्यातील नामावरून अर्थ शोधण्यास सांगावे. थिबा राजवाडा, बंदर, आंब्याचा बाग, शाळेची बाक या सर्वांवर 'पुट'ची वाक्ये होऊ शकतात. त्यानंतर सर्वनामाची कसोटी लावून घ्यावी. शेवटी मुलांना विचारावे की, आई हेच घरी कोणत्या शब्दांत सांगेल? त्या उत्तरात चांगले भाषांतर आपोआप मिळते.

कोश पाहण्याची सवयही येथेच लागते. मात्र पहिला अर्थ मिळताच कोश मिटू नये. शेवटच्या अर्थापर्यंत वाचावे आणि प्रत्येक अर्थ मूळ वाक्यात घालून पाहावा. जो अर्थ वाक्यातील कर्त्याला, कर्माला आणि प्रसंगाला जुळेल तोच घ्यावा. दोन अर्थ जुळत असतील, तर लिहिणाऱ्यास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता ग्रामसभेत घोषणा करण्यात मात्र धोका आहे.

समारोप

साकवाच्या त्या कल्पित शेऱ्याकडे पुन्हा वळावे. 'साकवाचा प्रस्ताव अंदाजपत्रकासह पावसाळ्यानंतर सादर करावा', असे एक मराठी वाक्य लिहिले गेले असते, तर गावाला नेमके कळले असते की साकव अद्याप मंजूर नाही, अंदाजपत्रक तयार करावयाचे आहे आणि पाठपुरावा पावसाळा संपताच करावा लागेल. गावाने येत्या पावसात पऱ्यावर दोर बांधण्याची, मुलांना सोबत घेऊन पार करविण्याची तजवीज वेळीच केली असती. इंग्रजी शेरा मिळाल्यावर गाव निर्धास्त राहिले, आणि पाठपुरावा करण्याचे दिवस वाट पाहण्यात गेले.

शासनाचा शब्द ज्याच्यासाठी लिहिला जातो त्याला तो पहिल्या वाचनात कळला पाहिजे. इंग्रजीतून आलेला शब्द नीट उकलून घेणे आणि स्वतः लिहिताना कर्ता, कर्म व तारीख यांचा स्पष्ट उल्लेख करणे, ही दोन पथ्ये पाळली तर 'पुट'सारख्या लहानशा क्रियापदामुळे कोणत्याही वाडीचा साकव कागदावर अडून राहणार नाही.